ठिणगीत दम नाही

माझे धाकटे दीर गाड्या दुरुस्त करतात, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले. ते खरं नाही. ते गाड्यांचं निदान करतात. दुरुस्ती ही त्यांच्या मते दुसऱ्या कुणीतरी करायची गोष्ट आहे.

आमच्या घराचा तळमजला म्हणजे त्यांचं गॅरेज. वर आम्ही दोघी जावा, जिन्याच्या दोन बाजूंना. खाली येतात त्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या. दोन माणसांपुरत्या, पोट जमिनीला घासत चालणाऱ्या. आत बसायला शाबूत गुडघे लागतात आणि बाहेर पडायला कुणाचा तरी हात. अशा गाड्या बाळगणारे लोक स्वभावानं भोळे असतात. गाडी सुरू झाली नाही की आपल्याला राग येतो, त्यांना काळजी वाटते. तापानं फणफणलेलं पोर उचलून आणावं तसे ते ती ढकलत आणतात, आणि दारात उभे असतात आमचे भाऊजी, ज्यांना सगळा भाग ‘उस्ताद’ म्हणतो. हे नाव त्यांना कुणी दिलं याचा मी छडा लावला आहे. त्यांनीच.

उस्तादांचं शास्त्र एका ओळीत मावतं. गाडी सुरू होत नाही, कारण इंजिनात ठिणगी नीट पडत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. ते उघडकीला आलं तेव्हा उस्तादांनी निम्मं इंजिन मोकळं करून ठेवलं होतं. “ठिणगी सणसणीत असती तर वासावरसुद्धा चालली असती,” असं ते त्या माणसाला म्हणाले, आणि तो माणूस मान डोलावत गेला. जगात असल्या माना फार आहेत.

तपासायची रीतही त्यांची स्वतःची. प्लगची वायर उपटायची, तिचं टोक दोन बोटांत धरायचं आणि आपल्या मुलीला म्हणायचं, “मार.” मुलगी किल्ली फिरवते. झटका बसतो, उस्तादांचा खांदा उडतो, आणि डोळे मिटून ते तो झटका चाखतात. मग निकाल. मुलीनं एकदा विजेचा मीटर आणला होता, तर म्हणाले, “त्याला काय कळतंय? त्याला दुखतं का?”

काही गाड्यांत अशा कळा असतात की तेलाचा दाब उतरला किंवा धडक बसली तर इंजिन आपोआप बंद व्हावं. उस्तादांच्या मते ही भित्र्यांची सोय. अशी कळ सापडली तर ते तिच्या दोन वायरी एकमेकींत पिळून तिला निकालात काढतात. सापडली नाही तर ती नाहीच, असं धरून चालतात.

आणि गाडी सुरू झाली की बोनेट. बोनेट ते लावत नाहीत, हातभर उंचीवरून सोडून देतात आणि वर पंजाचा एक रट्टा घालतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपबशा किणकिणतात. गिऱ्हाइकांना तो आवाज फार आवडतो. त्यांना वाटतं, एवढ्या विश्वासानं आपटतोय म्हणजे गाडी नक्की बरी झाली.

आता त्यांच्या मुलीबद्दल, म्हणजे माझ्या पुतणीबद्दल. ती याच विषयाचं रीतसर शिक्षण घेऊन आली आहे. गॅरेजात तिनं किल्ली फिरवायची, नट आवळायचे, हात पुसायला फडकं द्यायचं. निदान करायचं नाही. तिनं तोंड उघडलं की उस्ताद म्हणतात, “पुस्तक बंद कर.” पुस्तक नसतंच हातात.

मग गाड्या दुरुस्त होतात कशा? याचं श्रेय माझ्या धाकट्या जावेला. सकाळी उस्ताद निदान करतात. दुपारी ती त्यांना जेवायला वर बोलावते आणि असं काही आग्रह करकरून वाढते की त्यांना पानावरच जांभया येऊ लागतात. ते झोपतात. त्यांचं घोरणं लागलं की मुलगी खाली जाऊन खरा दोष शोधते, काढते, आणि सगळं होतं तसं मांडून ठेवते. उस्ताद उठतात, खाली येतात, आपल्या निदानाप्रमाणे एखादा चांगला चाललेला भाग काढून नवा बसवतात, म्हणतात “मार”, आणि गाडी सुरू. धाड. कपबशा.

“तू तिला त्यांच्या तोंडावर बोलू का देत नाहीस?” मी जावेला कितीदा विचारलं.

“ताई, घरात शांतता आहे ना? मग झालं तर.”

“शांतता तुझी. काम तिचं.”

“गाडी चालतेय ना? नाव काय चाटायचंय?”

पुतणीला नाव चाटायचं नव्हतं, पण पाहायचं होतं. परगावच्या एका मोठ्या वर्कशॉपनं तिला बोलावलं होतं. जुन्या गाड्यांच्या विजेचं सगळं काम तिच्या हाती देणार होते आणि महिनाअखेर उत्तर मागत होते. तिला जायचं नव्हतं. इथल्या गाड्या तिनं लहानपणापासून ओळखलेल्या. कोणती थंडीत खोकते, कोणती चढावर रुसते, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगेल. माझ्या ओट्याला टेकून ती म्हणाली, “काकू, एकच गाडी. मी तपासलेली, मी बरी केलेली, आणि बाबांच्या देखत मी बाहेर काढलेली. एवढं झालं तर मी थांबते. नाहीतर तिकडे तरी निदान चारचौघांदेखत काम करीन.”

तिनं बापाकडेही मागून पाहिलं. उस्ताद म्हणाले, “देईन की. साधी एखादी येऊ दे.” त्यांच्याकडे साधी गाडी येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी आली. हे डॉक्टर म्हणजे हळू बोलणारा, नीटनेटका गृहस्थ. गाडी लावताना पुढचं चाक फुटपाथला जरा जोरात लागलं, आणि त्यानंतर ती सुरूच होईना.

उस्तादांनी वायर धरली. “मार.” खांदा चांगलाच उडाला, म्हणजे ठिणगी होती. शास्त्राची पंचाईत झाली. उस्तादांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले आणि म्हणाले, “ठिणगी आहे. पण तिच्यात दम नाही.”

“बाबा, मागून पंपाची टकटक ऐकू येत नाही,” पुतणी म्हणाली. त्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, किल्ली फिरवली की मागच्या बाजूला टकटकतो.

“मी बोलतोय ते ऐकू येतंय ना? ठिणगीची कॉईल बदलायची.”

दुपारी घोरणं लागल्यावर पुतणी गाडीत शिरली आणि डाव्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथं डोकं घालून बसली. आत, बोनेटखालच्या पत्र्याला लागून, एक छोटी कळ होती. वर रबरी टोपी, आणि टोपीखालचं बटण उडून वर आलेलं. तिनं मला मागाहून समजावलं ते असं: त्या कळीत एक लोखंडी गोळी चुंबकानं धरून ठेवलेली असते. धडक बसली की गोळी सुटते, बटण उडतं आणि पंप बंद पडतो. गाडी आपटून नळी फुटलीच तर पंपानं पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून ही व्यवस्था. तिनं बटण दाबलं. टकटक सुरू झाली. तिनं टोपी पुसली आणि वर येऊन चहा प्यायली.

उस्तादांनी नवी कॉईल बसवली. “मार.” इंजिन गरजलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. धाड. गाडी गेली आणि पुढच्या चौकातल्या सिग्नलपाशी बंद पडली.

ढकलत परत आणली तर बटण पुन्हा उडालेलं. पुतणीनं डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, “कुठं ठोकर लागली का?”

“नाही हो,” डॉक्टर दुखावून म्हणाले. “फुलासारखी चालवत होतो.”

उस्तादांनी निदान पक्कं केलं. दम नाहीच. आता आतले पॉइंट, कंडेन्सर, सगळं नवं. जेवण, झोप, बटण, “मार”, धाड. पुन्हा तोच सिग्नल. मग सगळ्या वायरी नव्या. पुन्हा तोच सिग्नल. कोपऱ्यावरचा पानवाला लाल गाडी दिसली की गल्ला बंद करून ढकलायला पुढे यायला लागला. डॉक्टर फार सोशिक, पण त्या दिवशी म्हणाले, “उस्ताद, मी जर असे एकामागून एक चांगले दात काढत गेलो असतो ना, तर आज तुरुंगात असतो.”

“दात आणि इंजिन वेगळं,” उस्ताद म्हणाले.

“हो. दाताला बोंब मारता येते.”

त्या दुपारी पुतणी खाली गेली ती बराच वेळ आलीच नाही. मग माझ्या स्वयंपाकघरात आली ती पोट धरून हसत. बोलवेना तिला. इंजिन बंद ठेवून तिनं नुसती किल्ली फिरवली होती, मागे पंप टकटकत होता, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, बोनेट उचलून बाबांसारखं सोडून दिलं होतं. धाड झाली आणि टकटक थांबली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा थांबली. कळीतलं चुंबक जुनं होऊन सैल पडलेलं, त्याला बोनेटचा तो दणका म्हणजे धडकच. पंप बंद पडला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल उरतं. ते बरोबर सिग्नलपर्यंत पुरत होतं.

म्हणजे गाडी बरी व्हायची, उस्ताद ती बरी झाल्याचा डंका पिटायचे, आणि त्या डंक्यानंच ती पुन्हा आजारी पडायची. मी आयुष्यात बरीच माणसं अशी पाहिली आहेत, पण एवढ्या आवाजात नाही.

हसू ओसरल्यावर पुतणी म्हणाली, “काकू, बटण मी गुपचूप दाबते. पण बाबांचा हात गुपचूप कसा धरू?”

जावेला कळल्यावर तिनं डोकं लढवलं. तिच्या मते त्यात अवघड काही नव्हतं. ऐन बोनेटच्या वेळी त्यांना वर बोलवायचं, तेवढ्यात मुलगी अलगद लावून घेईल. दुसऱ्या दिवशी इंजिन गरजताच ती जिन्यातून ओरडली, “अहो, फोन आलाय. लवकर या.”

“कुणाचा?”

जावेला खोटं बोलायचं होतं, पण इतकं सविस्तर नाही. “कुणाचा तरी,” ती म्हणाली.

“आलो. बोनेट लावतो आणि आलो.” धाड.

पानवाल्यानं गल्ला बंद केला.

गाडी परत आली तेव्हा डॉक्टर नेहमीसारखे हळूच म्हणाले, “उस्ताद, आता बास. मी ही दुसरीकडे नेतो.” मी जिन्यात होते, जाऊ माझ्या मागे. पुतणी गाडीपाशी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता झोपेची वाट बघितली जाणार नाही.

“डॉक्टर, थांबा. गाडीला काही झालेलं नाही. बाबा बोनेट आपटतात, त्यानं ती बंद पडते.”

उस्ताद म्हणाले, “काय म्हणालीस?”

तिनं सीटसमोर वाकून रबरी टोपी दाखवली. बटण दाबलं, किल्ली फिरवली, टकटक ऐकवली. मग बोनेट आपटलं. टकटक बंद. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. भाऊजींना समजावून सांगताना मला हे कधीच जमलेलं नाही.

उस्ताद खाली वाकले, बटणाकडे पाहिलं आणि सरळ झाले. मला वाटलं, आता तरी. पण माणूस कसलेला. “मग एवढंच ना? काढून टाकू. दोन वायरी पिळल्या की विषय संपला.” आणि पक्कड हातात घेतली.

“नाही,” पुतणी म्हणाली. “ती पिळली तर धडकेनंतर पंप चालूच राहील. पेट्रोल सांडत राहील, आणि आत हे बसलेले असतील.”

“मी?” डॉक्टर म्हणाले.

“धडक बसायला गाडी आधी सिग्नलच्या पुढे जावी लागते,” उस्ताद म्हणाले. वाक्य चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. अशी वाक्यं त्यांना सुचतात म्हणूनच इतकी वर्षं चाललं.

“कळ नवी मिळते. मी आजच मागवते. तोवर बोनेट हातानं टेकवायचं, बस.”

“या गॅरेजमधून गाडी माझ्या शब्दावर बाहेर पडते.”

“ही माझ्या शब्दावर पडू दे, बाबा. नाहीतर मी महिनाअखेर जाते. तिकडे मला बोलावलंय.”

“जा,” उस्ताद म्हणाले. “तू नव्हतीस तेव्हा गाड्या सुरू होत नव्हत्या?”

तेव्हा माझ्या मागून माझी जाऊ बोलली. एवढ्या वर्षांत मी तिला नवऱ्यासमोर ‘हो’ आणि ‘वाढू का’ यांपलीकडे फारसं काही बोलताना ऐकलं नव्हतं.

“ती आल्यापासून तर तिच्याच हातानं सुरू होतायत. तुम्ही झोपलात की ती खाली येते.”

उस्तादांना हे आधी ऐकूच आल्यासारखं दिसलं नाही. मग म्हणाले, “कोण खाली येतं?”

“तुमची मुलगी. मी तुम्हाला भरपूर वाढते, तुम्ही झोपता, ती गाडी बरी करते, मग तुम्ही येऊन भाग बदलता.”

“रोज?”

“रविवारी नाही,” जाऊ म्हणाली. “रविवारी गॅरेज बंद असतं.”

डॉक्टर भिंतीवरचे स्पॅनर वाचत असल्यासारखे उभे राहिले. उस्तादांनी पक्कड फळीवर ठेवली आणि ते आपल्या गॅरेजातल्या गाड्यांकडे एकेक करून पाहू लागले, निळ्या, पिवळ्या, टप काढलेल्या. यातल्या कोणत्या माझ्या हातच्या, असंच शोधत असावेत. मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला, कारण त्या मुलीची कीव इतक्या वर्षांत त्यांना एकदाही आली नव्हती.

पुतणीनं बटण दाबलं. बोनेट दोन्ही हातांनी खाली आणलं, टेकवलं आणि तळव्यानं दाबून बसवलं. आवाज इतका कमी झाला की डॉक्टरांनी विचारलं, “लागलं?” ती त्यांच्या शेजारी बसून सिग्नलच्या पुढे, पार नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन आली. पानवाला दुकानातून बाहेर येऊन उभा राहिला होता. त्याला काहीतरी गमावल्यासारखं झालं असावं.

संध्याकाळी उस्ताद गल्लीत सांगत होते, “त्या गाडीचं मशीन फार नाजूक. माझ्या हाताचा जोर तिला सोसत नव्हता.” मी गॅलरीतून ऐकलं. खोटं असं त्यात एक अक्षर नव्हतं.

मी पुतणीला म्हटलं, “झालं ना तुझ्या मनासारखं? कळव त्या वर्कशॉपला, येत नाही म्हणून.”

“नाही काकू. ही भांडून गेली. डॉक्टर होते म्हणून गेली. एक न भांडता जाऊ दे.”

मला असले बारकावे सोसत नाहीत. पण गॅरेज तिचं, आयुष्य तिचं. घरात चार दिवस कुणी कुणाला आग्रह करून वाढलं नाही. उस्ताद दुपारी जागे राहायचे आणि खाली जाऊन स्टुलावर बसायचे, आणि बाप समोर बसलेला असल्यामुळे पुतणीला काहीच काम करता यायचं नाही. ही नवीच तऱ्हा. जाऊ मला म्हणाली, “ताई, आधीचं बरं होतं.” मी तिच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाही.

मग एक गृहस्थ टप काढलेली पांढरी गाडी ओढून घेऊन आले. चालता चालता अडखळली, खोकली, बंद पडली. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “उस्ताद, काय झालंय हिला?”

उस्तादांचा हात सवयीनं प्लगच्या वायरीकडे गेला. वायरीला लागला. तिथंच थांबला. मी जिन्यातून पाहत होते. इतका वेळ गप्प उभे राहिलेले भाऊजी मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते. मग त्यांनी हात काढून घेतला आणि तो अंगावरच्या कपड्याला पुसला.

“तिला विचारा,” ते म्हणाले.

गृहस्थांना वाटलं, उस्तादांना बरं नाही. पुतणीनं मीटर आणला. आधी पंप पाहिला, कळा पाहिल्या, एकेक वायर पाहिली. उस्ताद स्टुलावरून उठले, बसले, उठले. त्यांना बोलायचं होतं हे गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होतं. एकदा तोंड उघडलं आणि खोकला काढून मिटलं. शेवटी पुतणीनं प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी काढली, दाराशी उजेडात नेली, या बाजूनं फिरवली, त्या बाजूनं फिरवली.

“बाबा, इकडे या जरा. हा तडा आहे की नुसता ओरखडा? मला नक्की कळत नाहीये.”

भाऊजींनी खिसे चाचपले, चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला. टोपी हातात घेऊन नखानं ती रेघ चाचपली, पुन्हा चाचपली. घाई केली नाही.

“तडा आहे,” ते म्हणाले. “ठिणगी इथूनच पळतेय. बदल.”

“बदलते.”

ते परत स्टुलावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत दिसेल त्याला विचारत राहिले, “मी काही बोललो का? सकाळीच कळलं होतं मला. पण बोललो का एक अक्षर?” पानवाल्याला विचारलं, टपालवाल्याला विचारलं, मलाही विचारलं. मी म्हटलं, “नाही भाऊजी, ते तुम्ही आता भरून काढताय.”

पांढरी गाडी बाहेर काढून आल्यावर पुतणीनं हात धुतले, माझ्याकडे येऊन फोन मागितला आणि त्या वर्कशॉपला सांगितलं की येत नाही. खाली उस्ताद अजून विचारतच होते.